कागद हिरवा, स्टेअरिंग थरथरतं

गाडी फुटपाथच्या कडेवर किंवा दुभाजकावर आदळली की पुढचे दोन दिवस आपण एकच गोष्ट बघतो, हवा टिकते का. टिकली की सुटलो म्हणायचं. मग कधीतरी महामार्गावर काटा ८५च्या पुढे सरकतो आणि स्टेअरिंग हातात थरथरायला लागतं. तिथून बहुतेकांची वरात ठरलेली. अलाइनमेंट करा, बॅलन्सिंग करा, टायर पुढचे मागे टाका, एक जण शॉकअप सांगतो, दुसरा ड्राइव्ह शाफ्ट. बिलं वाढत जातात, थरथर जागची हलत नाही.

कऱ्हाडजवळ महामार्गाला लागून एका मामांचं टायरचं दुकान आहे. अॅम्बॅसडर आणि पद्मिनीला नायलॉनचे टायर चढायचे तेव्हापासूनचं. त्यांची भाची पुण्यात गाड्यांच्या कंपनांच्या चाचण्या करते. तिचीच गाडी रात्री सर्व्हिस रोडवर, रंग न मारलेल्या दुभाजकाच्या टोकावर आदळली होती. मार पुढच्या डाव्या चाकाला. पुण्यातल्या एका दुकानात अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग झालं होतं, सगळे आकडे हिरवे असलेला छापील कागदही मिळाला होता, आणि तरी ९०ला स्टेअरिंग नाचत होतं. मी माझे टायर बदलायला गेलो होतो. गाडी माझी नसल्यामुळे पुढचं भांडण निवांत ऐकता आलं.

मामा : आधी सांग, थरथर नेमकी कुठं जाणवते? हातात का बुडाखाली?

भाची : हातात. सीटला फारसं नाही.

मामा : मग पुढचं चाक. मागचं असतं तर सीट आणि खालचा पत्रा थरथरला असता. अगदी शंभर टक्के नसतं हे, पण सुरुवात इथनंच करायची. ब्रेक मारल्यावर वाढते?

भाची : नाही. ब्रेकचा काही संबंध नाही. ८५ला सुरू होते, ९०-९५ला जोरात, ११०च्या पुढे जवळपास गायब.

मामा : ब्रेकला वाढली असती तर डिस्क बघितली असती. अलाइनमेंटचा तर प्रश्नच नाही. त्यानं गाडी एका बाजूला ओढंल, टायर एका कडेनं खाईल, पण स्टेअरिंग असं नाचत नाही. आणि बॅलन्सिंग तर शून्य आलंय म्हणतेस. मशीनवर शून्य म्हणजे चाक निर्दोष. मला विचारशील तर ड्राइव्ह शाफ्ट. धडक बसली की आतला जॉइंट हलतो.

भाची : मामा, घाई करताय. रस्ता रिकामा बघून ९५ला गाडी न्यूट्रलला टाकून बघितली मी. इंजिनचा आवाज खाली आला, पण थरथर तेवढीच राहिली. म्हणजे इंजिन आणि त्याची माउंटिंग सुटली. ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट बिघडला असता तर अॅक्सिलरेटर दाबल्यावर वाढली असती आणि सोडल्यावर कमी झाली असती. तसंही होत नाही.

मामा : हातावर भरवसा ठेवून सांगतेस का मोजलंस?

भाची : मोजलंय. फोन स्टेअरिंगच्या कॉलमला चिकटपट्टीनं बांधला. फोनमध्ये कंप मोजायचं यंत्र असतंच. ९०ला सेकंदाला साधारण १३चा एकच मोठा सुळका येतो. आता गणित बघा. टायर १८५/६५, १५ इंची. त्याचा घेर १.९५ मीटरच्या आसपास. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. भागिले घेर, चाक सेकंदाला जवळजवळ १३ वेळा फिरतं. चाकाच्या प्रत्येक फेरीला एक धक्का, तो चाकाचाच असणार. ड्राइव्ह शाफ्टचा तो आतला, तीन बोटांचा जॉइंट बिघडला असता तर फेरीला तीन धक्के आले असते, सुळका ३९च्या आसपास दिसला असता. चार सिलेंडरचं इंजिन २५००ला फिरत असेल तर त्याचा कंप ८०च्या वर जातो. तिथं काहीच नाही.

मामांनी हे नीट ऐकून घेतलं आणि ड्राइव्ह शाफ्टचा विषय मुकाट्यानं सोडून दिला. इतक्या वर्षांच्या हाताच्या सवयीला एका भागाकारानं मागे सारलं, याचा त्यांना राग आला नाही. मला वाटतं गॅरेजमध्ये हा गुण दुर्मीळ आहे. एकदा तोंडातून पार्टचं नाव गेलं की तो पार्ट बदलेपर्यंत माघार नसते.

मामा : बरं, चाक म्हण. पण मग ११०ला जातं कुठं? चाक तर आणखी जोरात फिरतंय.

भाची : जात नाही, धक्का उलट वाढतो. रिमच्या कडेवरचं ३० ग्रॅमचं वजन पडलं, तर ९०ला ते चाकाला साधारण ४ किलोच्या जोरानं ओढतं. ४५ला तेच एका किलोवर येतं, कारण वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. पण चाक, हब, ब्रेक हा सगळा गठ्ठा वर स्प्रिंग आणि खाली टायरचं रबर यांच्यात टांगलेला असतो. त्याची स्वतःची लय सेकंदाला १० ते १५च्या दरम्यान असते. झोक्याला बरोबर वेळेवर धक्का दिला तर हलक्या हातानंही तो उंच जातो, तसं ९०च्या आसपास होतं. पुढे वेळ चुकते आणि झोका मंदावतो.

मामा : हे मला ठाऊक होतं. आकडा ठाऊक नव्हता.

मग चाक खाली उतरलं. मामांनी ते मशीनवर चढवलं नाही. आधी उलटं करून आतल्या बाजूला हात घातला आणि बोटं बाहेर काढून दाखवली, काळी माती. कऱ्हाडच्या बाजूला पावसाळ्यात शेतरस्त्यावर गाडी गेली, किंवा गाळपाच्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्यांमागे चालवली, की ही माती रिमच्या आत थापली जाते आणि वाळून दगड होते. अशा एका गोळ्यानं कितीतरी गाड्या थरथरतात, असं मामा सांगतात. त्यांच्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण पाण्याच्या पाइपानंच बरे होतात म्हणे, आणि अशांकडून ते पैसेही घेत नाहीत. हिच्या चाकात माती होती, पण चिमूटभर. धुतली. मशीनवर पुन्हा शून्यच.

भाची : बघा, शून्य. तरी फोन सांगतोय की चाकच.

मामा : दोघंही खरं बोलतायत. मशीन हवेत फिरवतं. त्याच्यावर गाडीचं ओझं कुठं असतं?

भाची : हेच म्हणायचंय मला. वजन सारखं वाटलं गेलं की मशीन खूश. चाक लंबगोल असलं तरी वजनं लावून शून्य करता येतं. रस्त्यावर मात्र दर फेरीला ते गाडीला उचलून खाली ठेवणार. चाकावर रोलर दाबून फिरवणारी मशिनंही असतात, ती हे पकडतात. पण ती आपल्याकडं थोडीच.

मामा : मशीन कशाला? स्क्रूड्रायव्हर दे.

जवळून बघण्यासारखं होतं ते. फिरत्या चाकाशेजारी लोखंडी स्टँड ठेवून त्यांनी त्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवला, टोक रिमच्या आतल्या कडेपासून केसभर दूर. चाक हातानं हळूहळू फिरवलं. बराच वेळ फट तेवढीच राहिली, मग एका जागी कड एकदम आत गेली आणि फट उघडली, दोन-तीन बोटं अंतर गेल्यावर पुन्हा मिटली. तिथं त्यांनी खडूनं रेघ मारली. भाचीनं डायल गेज लावून मोजलं तेव्हा दोन मिलिमीटरच्या वर निघालं. मिलिमीटर-सव्वा मिलिमीटरच्या पुढे गेलं तरी संवेदनशील गाडी तक्रार करते. बाहेरून बघितलं तर अलॉयवर दोन ओरखडे, बाकी शोरूममधून आल्यासारखं. आतल्या कडेला आऱ्यांचा आधार नसतो, त्यामुळे मार बसला की बहुधा तीच वाकते. आणि गाडीखाली वाकून ती बाजू कोण बघतो?

भाची : सापडलं. कंपाचं कारण रिम. फाइल बंद.

मामा : थांब की. टायर कुठं बघितलास अजून?

भाची : बघितला ना. फुगा नाही.

मामा : बाहेरून बघितलास.

टायर अर्धवट दिव्याखाली, अर्धवट अंधारात होता. मामांनी आतल्या भिंतीवरून तळवा फिरवला, डोळे दुसरीकडेच. एका जागी हात थांबला. खडूच्या रेघेसमोरच लिंबाएवढा उंचवटा.

मामा : हात लाव. खड्डा असता तर बोललो नसतो. रेडियलच्या भिंतीवर आतल्या दोऱ्यांचा जोड जिथं येतो तिथं उभी खाच दिसते, खोलगट. तिला घाबरून टायर टाकणारेही आहेत. खोलगटाला भ्यायचं नाही. वर आलेल्याला भ्यायचं.

भाची : दोऱ्या तुटल्यात. दुभाजक आणि रिम यांच्यात भिंत चेचली गेली. आतला थर हवा धरून ठेवतो, म्हणून पंक्चर नाही. पण हवेचा दाब आता नुसत्या रबरावर आहे.

मामा : आमच्या नायलॉनला आडव्यातिडव्या पट्ट्यांचे थर असायचे. चालायला कडक, पण मार खायची जाडी होती. लहान गाडीच्या रेडियलची भिंत मऊ. म्हणून तर बसायला आराम. आराम आणि जाडी दोन्ही एकाच टायरात मागायची नाही.

यावर भाचीनं जो प्रस्ताव ठेवला तो तिच्या शिक्षणाला साजेसा होता आणि मामांना अजिबात मंजूर नव्हता.

भाची : मग आता दोन संशयित झाले, रिम आणि टायर. हे चाक मागे डावीकडे टाकू, मागचं पुढे आणू आणि ९०ला चालवून बघू. थरथर हातातून सीटमध्ये गेली तर पक्कं झालं की चाकच, हबमध्ये काही नाही. फुकटातली सगळ्यात चांगली चाचणी आहे ही.

मामा : चाचणी चांगली आहे. गिऱ्हाइकाला मीही तेच सांगतो, पैसे घालवायच्या आधी चाकं पुढचं मागं करून बघा. पण फुगा दिसल्यावर नाही. हा टायर मागं टाकून ९०ला पळवायचा? मागचा फुटला तर गाडीची शेपूट सुटते, आणि ती सावरणं पुढच्यापेक्षा अवघड. माझ्या दुकानातनं नाही.

भाची : दोन किलोमीटरच तर.

मामा : फुग्याला किलोमीटर मोजता येतात व्हय?

भाची : मग स्टेपनी लावू.

मामा : तुझी स्टेपनी बारकी आहे. तिच्यावर ८०ची मर्यादा लिहिलीय, वाच. तुझी थरथर सुरूच होते ८५ला. काय कळणार तिच्यावर?

त्यांनी कोपऱ्यातून त्याच मापाचं, कोणीतरी बदलून ठेवून गेलेलं धड चाक काढलं. भाचीचा एक हट्ट मात्र राहिला. तिला रिम आणि टायर वेगवेगळे तपासायचे होते, नवा टायर वाकड्या रिमवर चढवून, म्हणजे कोणाचा वाटा किती ते कळेल. इथं मी मामांच्या बाजूचा. टायर फेकायचाच आहे, रिम वाकलेली डोळ्यांनी दिसते आहे. त्यांच्यात दोष कसा वाटला गेलाय हे कळल्यानं बिलातला एक रुपयाही हलत नाही. प्रयोगशाळेत तो प्रश्न मोलाचा असेल, पण महामार्गाच्या कडेला तो फक्त दुपार खातो.

रिमवरून पुन्हा जुंपली, आणि तिथं मामा हरले.

मामा : रिम सरळ करून देणारा आहे माझ्या ओळखीचा. गॅसवर तापवतो, ठोकतो, खरादावर फिरवतो. नव्याच्या पाव किमतीत.

भाची : पोलादी डिस्क असती तर मी स्वतः हातोडा दिला असता. हे अॅल्युमिनियमचं मिश्रण आहे. कारखान्यात ठरावीक तापमानाला तापवून, गार करून, पुन्हा तापवून त्याला ताकद दिलेली असते. गॅसची ज्योत लागली की त्या जागेची ताकद निघून जाते, वरून काही दिसत नाही. पुढच्या खड्ड्याला तिथंच तडा. बारीक बाक न तापवता दाबून काढतात ते एकवेळ चालेल, तेही तडा नाही याची खात्री करून. दोन मिलिमीटरला नाही.

मामा : त्यानं सरळ केलेल्या रिमा चालतात की लोकांच्या.

भाची : ज्या चालल्या नाहीत त्या परत येऊन तुम्हाला सांगत नाहीत.

मामा गप्प झाले. रिम नवी घ्यायची ठरली.

धड चाक लावून दोघं उंब्रजच्या दिशेनं जाऊन आले. ९०ला, ९५ला, १००ला स्टेअरिंग शांत. फोनमधला १३चा सुळका गवताएवढा उरला होता. भाची उतरली ती सुटकेच्या चेहऱ्यानं, आणि मला वाटलं संपलं. मामांसाठी खरं काम आता सुरू झालं. त्यांनी हिरवा कागद मागितला.

मामा : थरथर गेली. दुभाजकाचा मार गेला का?

भाची : अलाइनमेंट बरोबर आहे, कागद तुमच्या हातात आहे. काही वाकलं असतं तर लाल दिसलं असतं.

मामा : हा नंतरचा कागद. आधीचा कुठाय? समायोजन करायच्या आधी मशीन एक वाचन घेतं. तेच खरं. नंतरचं हिरवं म्हणजे कोणीतरी टाय रॉड फिरवला, एवढंच. ये खाली.

गाडी लिफ्टवर होती. दोन्ही बाजूंचे टाय रॉड, नटाच्या बाहेर आलेले आटे. उजवीकडे गंजलेले, धुळीचे. डावीकडे तीन-चार आट्यांचा फरक, आणि तिथले आटे नवे कोरे चमकत होते.

मामा : दोन्ही बाजू जवळपास सारख्या असतात. डावीकडं एवढं का फिरवावं लागलं? कारण चाक सरकलं होतं. त्यानं टो जुळवला, स्टेअरिंग सरळ केलं आणि कागद दिला. आता कॅम्बर वाच. या गाडीत तो फिरवायची सोयच नाही, म्हणून तो खोटं बोलत नाही.

भाचीनं वाचला. दोन्ही बाजू हिरव्या, दोन्ही कंपनीनं दिलेल्या पट्ट्याच्या आत. पण उजवं चाक पट्ट्याच्या एका टोकाला, डावं दुसऱ्या टोकाजवळ. फरक जवळपास एक अंश. असा फरक अर्ध्या अंशाच्या आत असावा असं साधारण मानतात. डावं चाक खालून आत ढकललं गेलं होतं.

भाची : हे मला दिसायला हवं होतं. प्रत्येक आकडा हिरवा आहे, म्हणून दोघांची वजाबाकी मी केलीच नाही.

मामा : लोअर आर्म वाकलाय. बदल.

भाची : कशावरून? स्ट्रट वाकला असेल. हबचा नकल वाकला असेल. आर्म बदलला आणि फरक तसाच राहिला तर? तुम्हीच नावं ठेवता ना शोरूमवाल्यांना, एकेक पार्ट बदलत जातात म्हणून.

मामा : धडक खालून बसलीय, सगळ्यात आधी आर्मच मार खातो. दोनशे वेळा बघितलंय.

भाची : मग मोजायला दोन मिनिटं जातील. बघितलेलं खरं असेल तर मापातही दिसेल.

चेसिसच्या एका भोकापासून बॉल जॉइंटच्या मध्यापर्यंत टेप, आधी उजवीकडे, मग डावीकडे. डावीकडचं अंतर सहा मिलिमीटरनं कमी. आर्मच्या वाकणाजवळ रंगाला बारीक सुरकुत्या पडून पापुद्रा सुटला होता, आणि तो बोटानं दाखवताना मामांचा आवाज नेहमीपेक्षा एक पट्टी वर होता. स्ट्रटच्या दांड्याला पट्टी लावून बघितली, सरळ. बेअरिंगसाठी चाक धरून वर-खाली हलवलं, प्ले नाही. चालवताना घूं घूं आवाजही नव्हता, जो वळणावर बेअरिंगवरचं ओझं बदललं की कमीजास्त होतो.

हा आर्म कधीही थरथरला नसता. तो गुपचूप टायरची एक कड खात राहिला असता, ब्रेक जोरात मारल्यावर गाडीला किंचित ओढत राहिला असता, आणि एखाद्या मोठ्या खड्ड्यात बॉल जॉइंटनं जागा सोडली असती. फुग्याचंही तेच. भाचीनं थरथरीचा माग ज्या शिस्तीनं काढला तिला तोड नाही, मामांच्या ड्राइव्ह शाफ्टच्या मागे लागली असती तर पैसे वाया गेले असते. पण तिचा प्रश्न होता थरथर कुठून येते, आणि मामांचा प्रश्न होता धडकेनं काय काय मोडलं. पहिल्याचं उत्तर मिळालं म्हणून दुसरा सुटत नाही. आदळलेल्या गाडीत घातक जे असतं ते बरेचदा मुकं असतं. थरथरीच्या नादात माणूस दुकानात तरी आला, एवढा तिचा उपकार.

भाची : बरं, आर्म बदलू. पण फक्त डावा.

मामा : डावाच. उजव्याला काय झालंय? टायर मात्र दोन घे.

भाची : तो का? उजव्याला पाच मिलिमीटर नक्षी आहे.

मामा : नव्याला आठ असते. एकाच अॅक्सलवर आठ आणि पाच, पावसात एकीकडं पकड वेगळी. दोन्ही नवे एका जोडीला लाव. उजवा निघालेला वाया जात नाही, विकून दे नाहीतर घरी ठेव.

भाची : नवी जोडी पुढे ना? पुढची चाकं गाडी ओढतात.

मामा : मागं. सगळे हाच वाद घालतात. नवी मागं, मागची जुनी पुढं. मघाशी सांगितलं ना, शेपूट सुटता कामा नये. टायरच्या भिंतीवरचे शेवटचे चार आकडे बघून घे, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. दुकानदार म्हणून माझ्यावरही विश्वास ठेवू नको.

भाची : आर्म कधी मिळेल?

मामा : कोल्हापूरहून उद्या दुपारी. बसवला की पुन्हा अलाइनमेंट, आणि या वेळी आधीचा कागदही घ्यायचा. ऑफिसला फोन कर, उद्या येत नाही म्हणून.